दोन बोटं खाली

बरगड्यांची खालची कड मी पहिल्यांदा नीट चाचपली ती स्वतःच्याच अंगावर. एमबीबीएसचं पहिलं वर्ष, दुसऱ्या दिवशी ॲनाटॉमीची तोंडी परीक्षा, आणि मी होस्टेलच्या कॉटवर उताणी पडलेली. गुडघे दुमडून घेतले की पोट सैल पडतं आणि बोटं आत जातात, एवढं सीनियर मुलींनी सांगितलं होतं. छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक, म्हणजे झिफॉइड, तिथे बोट ठेवलं आणि उजवीकडे खाली उतरत गेले. आधी लागली सातव्या बरगडीची कूर्चा, रुंद आणि टणक. मग आठवी येऊन तिला मिळालेली, नववी आठवीला, दहावी नववीला. पहिल्या सात बरगड्या आपापल्या कूर्चेने थेट छातीच्या हाडाला जोडलेल्या असतात. पुढच्या तिघी वरचीच्या आधाराने उभ्या. अकरावी आणि बारावी पुढे कुणालाच टेकत नाहीत, त्यांची टोकं स्नायूंत मोकळी सुटलेली. सातवीपासून दहावीपर्यंतच्या कूर्चांची मिळून जी कमान होते, ती ही कड. आम्ही सगळे तिला कॉस्टल मार्जिनच म्हणतो.

उतरताना एका जागी बोट अडखळलं. एक लहानशी खाच, आणि तिच्या लगेच पुढे बोथट टोक. नवव्या कूर्चेचं टोक. पोटाच्या उभ्या स्नायूची, रेक्टसची, बाहेरची किनार इथेच कडेला येऊन भिडते. उजवीकडे या जागेच्या बरोबर मागे पित्ताशयाचा तळ असतो. याच पातळीवर अंगावर आडवी रेघ मारली तर ती जठराच्या शेवटच्या दारावरून, स्वादुपिंडाच्या मानेवरून, दोन्ही मूत्रपिंडांच्या खाचांजवळून आणि मागे कमरेच्या पहिल्या मणक्यावरून जाते. ही रेघ आखून देणारे ख्रिस्तोफर ॲडिसन पुढे राजकारणात गेले आणि १९१९ साली ब्रिटनचे पहिले आरोग्यमंत्री झाले. बाहेरून एका बोटाने सापडणाऱ्या खुणेवर आतलं एवढं सगळं टांगलेलं आहे, याचं मला त्या रात्री खूप अप्रूप वाटलं. तोंडी परीक्षेत यातलं काहीच विचारलं गेलं नाही, पण ती खाच बोटाच्या लक्षात राहिली.

पुढे वॉर्डात हीच कड रोज भेटू लागली. पित्ताशयाला सूज आलेल्या पेशंटच्या उजव्या कडेखाली बोटं ठेवायची आणि म्हणायचं, ‘मोठा श्वास घ्या.’ श्वासाबरोबर श्वासपटल खाली येतं, ते यकृताला ढकलतं, आणि यकृताला चिकटलेलं पित्ताशय बोटांवर येऊन आदळतं. पेशंटचा श्वास अर्ध्यावर तुटतो. ही मर्फी साइन. पहिल्यांदा मला ती मिळाली तेव्हा पेशंटने माझं मनगट घट्ट धरलं होतं. त्या वेळी माझ्या मनातलं चित्र अगदी साधं होतं: कड म्हणजे हद्द. तिच्या वर छाती, तिच्या खाली पोट.

सर्जरीच्या रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष. साठीच्या एक काकू पित्ताशयातल्या खड्यांसाठी दाखल झाल्या होत्या. आधी दोनदा सूज येऊन गेलेली. दुर्बिणीने सुरुवात केली, पण कॅलॉट ट्रँगल, म्हणजे जिथे पित्ताशयाची नळी आणि धमनी वेगळी करून ओळखायची असते ती जागा, पूर्ण जखडलेली होती. सर अर्धा तास शांतपणे प्रयत्न करत राहिले. मग म्हणाले, ‘नळी दिसत नाही तोवर काही कापायचं नाही. ओपन करू. चीर तू घे.’

उजव्या कडेला समांतर घेतात ती ही चीर, कोकर्स इन्सिजन. थिओडोर कोकर हे स्विस सर्जन, थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ सालचं नोबेल मिळालेले. मध्यरेषेपाशी झिफॉइडच्या थोडं खाली सुरुवात करायची आणि कडेपासून साधारण अडीच सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटं, अंतर राखत बाहेरच्या बाजूला जायचं. मला हे पाठ होतं.

सरांनी विचारलं, ‘कडेपासून किती?’

‘दोन बोटं, सर.’

‘का?’

मला उत्तर आलं नाही. मी ‘सगळे तसंच घेतात’ असं काहीतरी पुटपुटले.

चूक झाली ती पुढे. दुर्बिणीसाठी उजव्या कडेखाली दोन छोटी छिद्रं आधीच पाडलेली होती. ती जोडून घेतली की पेशंटच्या अंगावर एकच व्रण राहतो, म्हणून मी चीर त्यांच्यातून नेली. ती छिद्रं पाडली तेव्हा पोट गॅसने टम्म फुगलेलं होतं आणि कडेपासूनचं अंतर पुरेसं वाटत होतं. गॅस सोडल्यावर पोट बसलं, ताणलेली कातडी सैल झाली आणि ते अंतर आक्रसलं. नवव्या टोकापाशी माझी चीर कडेपासून जेमतेम एक बोट खाली होती. मी पुन्हा चाचपून बघायला हवं होतं. नाही बघितलं.

कातडी, चरबी, मग रेक्टसवरचं पांढरं शुभ्र आवरण. ते उघडल्यावर लाल स्नायू. त्याच्यामागून क्लॅम्प घालून, थोडा थोडा उचलून, कॉटरीने, म्हणजे विजेच्या चटक्याने कापणाऱ्या हत्याराने, कापत जायचं. स्नायूच्या मागच्या अंगाला सुपीरियर एपिगॅस्ट्रिक रक्तवाहिनी असते. छातीच्या आतून उतरणारी धमनी बरगड्यांमधल्या सहाव्या फटीपाशी दोन फांद्या सोडते, एक कडेच्या आतून बाहेर वळत जाते आणि ही दुसरी श्वासपटलाच्या फटीतून खाली येऊन रेक्टसमध्ये शिरते. ती बांधून घेतली. बाहेरच्या बाजूला पोटाचे तीन थर एकावर एक. तिथे सरांनी माझा हात धरला.

‘थांब. ते पांढरं काय आहे?’

आतल्या दोन थरांच्या मधोमध एक पांढरा दोरा, सोबत केसाएवढ्या रक्तवाहिन्या. बरगड्यांच्या फटींतून येणारे चेतातंतू कडेशी संपत नाहीत. ते कूर्चांच्या मागून निसटून पोटाच्या भिंतीत उतरतात आणि स्नायूंना, कातडीला पुरवठा करतात. सातवा आणि आठवा कडेच्या जवळून वळतात, दहावा बेंबीच्या पातळीवर येतो. या चिरेत आठवा बहुधा तुटतोच. नववा जाडसर असतो आणि तो वाचवायचा असतो, कारण तो आणि त्याच्या आजूबाजूचे तंतू गेले तर पोटाची ती बाजू कायमची ढिली पडू शकते. मी वाकून पाहिलं. कॉटरीचं टोक त्याच्यापासून फार तर अर्धा सेंटिमीटर दूर होतं. त्याला ओल्या टेपने हलकेच खाली सरकवलं आणि पुढे गेलो.

पोट उघडल्यावर सर म्हणाले, ‘यकृतावरून हात आत घाल. हवा जाऊ दे, म्हणजे ते खाली येईल.’

मी कडेच्या मागून, यकृताच्या गुळगुळीत पाठीवरून हात वर सरकवला. बोटं गेली, तळवा गेला, मनगट कडेशी आलं, आणि हात तरी वर जातच होता. बोटांच्या पाठीला श्वासपटल लागत होतं, व्हेंटिलेटरच्या प्रत्येक श्वासाला खाली येत आणि पुन्हा वर जात. डाव्या अंगाला बोटं नेली तर त्याच्या पलीकडून हृदय ठोके देत होतं. मी पोटात होते आणि बाहेरून पाहणाऱ्याला माझी बोटं छातीत होती. उच्छ्वासाच्या वेळी श्वासपटलाचा उजवा घुमट पुढून पाचव्या बरगडीच्या आसपास पोचतो, हे मी कितीतरी वेळा लिहून मार्क मिळवले होते. तो आकडा हाताला कळला तो त्या दिवशी. कडेच्या वर जवळजवळ वीतभर पोटच असतं. यकृत, प्लीहा, जठराचा वरचा भाग, सगळं त्या पिंजऱ्याच्या आत बसलेलं.

पित्ताशय तळाकडून सोडवत, नळी ओळखून, सरांनी काढलं. त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही, ते त्यांनी सुरेख केलं.

मग शिवायची वेळ आली. आतला थर, म्हणजे रेक्टसचं मागचं आवरण, पोटाचा सर्वांत आतला स्नायू आणि पोटाचं अस्तर, एकत्र धरून जाड लूप पीडीएसने, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या दोऱ्याने, शिवत जायचं असतं. मध्यरेषेकडून निघाले, चार टाके छान पडले. नवव्या टोकापाशी आले आणि वरच्या बाजूला धरायला काही उरलंच नव्हतं. फोर्सेप्समध्ये जे येत होतं ते अर्धा सेंटिमीटरसुद्धा नव्हतं. टाका आवळला की तो स्नायूतून निसटून यायचा आणि रक्त यायचं. आणखी वरून सुई घ्यायला गेले तर ती कशावर तरी घसरली, नखावरून घसरावी तशी. कूर्चा.

‘कूर्चेत टाका घ्यायचा नाही,’ सर म्हणाले. ‘तिला स्वतःचा रक्तपुरवठा नाही. तिथे जंतू शिरले तर ती महिनोन्महिने वाहत राहते.’

तेव्हा लक्षात आलं की कडेच्या वर रेक्टसला मागचं आवरण नसतंच. तिथे तो स्नायू थेट कूर्चांवर पडलेला असतो आणि पोटाचे आतले थर कूर्चांच्या मागच्या पृष्ठभागाला चिकटलेले असतात, त्यांची बोटं श्वासपटलाच्या बोटांत गुंतलेली. चीर कडेला जितकी खेटून, तितकी वरची बाजू कमी. दोन बोटांचा सगळा अर्थ त्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये होता. टेबल थोडं वाकवून पोटावरचा ताण कमी केला, सुटे टाके घेतले, काही जागी खालची बाजू जास्त धरली. जे वीस मिनिटांत व्हायचं त्याला तासाभराहून जास्त लागला. सर एकदाही रागावले नाहीत. शेवटचा टाका आवळताना एवढंच म्हणाले, ‘ती दोन बोटं शिवायसाठी सोडायची असतात.’

काकूंना पुढचे चार दिवस जड गेले. चिरेवर बधिर करणारं औषध स्नायूंच्या थरांमध्ये, कडेच्या रेषेने सोडलं होतं, ते उतरल्यावर दुखणं सुरू झालं. ही जागाच अशी आहे की प्रत्येक श्वासाला हलते. खालच्या सहा बरगड्यांच्या आतून श्वासपटल सुरू होतं. कडेजवळ कापलं की माणूस नकळत वरवरचा श्वास घेतो, खोकणं टाळतो, आणि फुफ्फुसाचा तळ मिटतो. दुसऱ्या रात्री ताप आला. स्टेथोस्कोपला उजव्या बाजूला पाठीमागे खाली हवा कमी ऐकू येत होती. तीन चेंडूंचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचं व्यायामाचं उपकरण, मी दर दोन तासांनी त्यांच्या हातात द्यायचे.

‘डॉक्टर, ओढलं की इथं कुणीतरी चिमटा काढतंय,’ त्या नवव्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाल्या. बोट अगदी अचूक तिथेच.

‘उशी पोटाशी धरा काकू, आणि मग खोका. टाके तुटणार नाहीत.’ हे म्हणताना मी स्वतःला धीर देत होते. दुखणं होणारच होतं, पण त्यातलं थोडं माझ्या रेषेमुळे होतं. चौथ्या दिवशी ताप गेला, एका दमात दोन चेंडू वर गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी, रात्री दोनच्या सुमारास, एक तरुण आला. डाव्या कुशीत चाकूचा वार, आठव्या फटीत, काखेच्या मधल्या रेषेवर. रक्तदाब चांगला, एक्स-रे जवळपास स्वच्छ, पोट मऊ. वर्षभरापूर्वीची मी त्याला छातीची जखम म्हणून लिहून मोकळी झाले असते. त्या रात्री मी जखमेसमोर उभी राहून आत काय काय आहे ते मोजलं. शांत श्वासात फुफ्फुसाची कड त्या रेषेवर आठव्या बरगडीपर्यंत येते. फुफ्फुसाचं आवरण दहाव्यापर्यंत. त्याच्या आत श्वासपटल. आणि त्याच्या लगेच मागे प्लीहा, नवव्या, दहाव्या आणि अकराव्या बरगडीखाली, दहावीच्या रेषेत आडवी पडलेली. वार झाला तेव्हा तो श्वास घेत होता की सोडत होता, यावर चाकू कुठे गेला ते ठरणार. पुढून स्तनाग्राच्या पातळीखाली, मागून खांद्याच्या पात्याच्या टोकाखाली, आणि कडेच्या वर, या पट्ट्यातली प्रत्येक जखम दोन्ही पोकळ्यांची धरायची.

सरांना फोन केला. ते म्हणाले, ‘निरीक्षणात ठेव, स्थिर राहिला तर दुर्बिणीने बघू.’ दुसऱ्या दिवशी पाहिलं. प्लीहेला ओरखडा, रक्त थांबलेलं. श्वासपटलात दोन सेंटिमीटरची फट आणि तिच्यात ओमेंटमचा, म्हणजे आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याचा, एक गोळा बुचासारखा बसलेला. एक्स-रेत यातलं काही दिसलं नव्हतं. उजवीकडे असतं तर यकृताने ती फट झाकून धरली असती. डावीकडे तसं कुणी नाही. छातीत दाब कमी, पोटात जास्त, त्यामुळे फट भरून येण्याऐवजी पोटातलं वर ओढलं जातं आणि अशा न शिवलेल्या फटीत काही वर्षांनी जठर किंवा आतडं अडकून माणूस मरणाच्या दारात येऊ शकतो. दोन टाक्यांत ती फट बंद झाली. मला त्या दोन टाक्यांचा जितका आनंद झाला तितका मोठमोठ्या ऑपरेशनचाही क्वचित झाला आहे.

कडेचं दुखणं नेहमी आतलंच असतं असंही नाही. एक विशीतली मुलगी पित्ताशयाचा संशय म्हणून तिसऱ्यांदा सोनोग्राफी करून आली होती, तिन्ही स्वच्छ. वाकलं की दुखतं आणि टक्कन आवाज येतो, असं ती सांगत होती आणि कुणी ते लिहून घेतलं नव्हतं. कडेखाली बोटं अडकवून हलकेच पुढे ओढलं, तीच कळ, तोच आवाज. आठवी, नववी, दहावी एकमेकींना जिथे जोडलेल्या असतात ते बंध सैल झाले की एक टोक वरच्या कूर्चेखाली सरकतं आणि मधल्या चेतातंतूला चिमटा बसतो. हे दुखणं १९१९ पासून वैद्यकीय लेखनात नोंदलेलं आहे. तिला आजार खरा आहे हे ऐकूनच रडू आलं.

आता मी ज्युनियरच्या हातात पेन देते तेव्हा आधी पूर्ण कड काढायला लावते, झिफॉइडपासून दहाव्या टोकापर्यंत, दोन्ही बाजूंची. मग पट्टीने मोजून अडीच सेंटिमीटर, कारण प्रत्येकाची दोन बोटं सारखी नसतात. दुर्बिणीचं ऑपरेशन ओपन करायचं ठरलं तर गॅस पूर्ण सोडायचा, कड पुन्हा चाचपायची, रेघ पुन्हा मारायची. छिद्रं रेघेवर आली तर ठीक, नाही आली तर ती वेगळी शिवायची. एखादा व्रण जास्त चालेल. आणि आधी पोटाची ऑपरेशनं झालेल्या पेशंटमध्ये दुर्बिणीआधी पोटात गॅस भरणारी पहिली सुई घालायला हीच कड मदतीला येते. डाव्या कडेखाली तीन सेंटिमीटर, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून उतरणाऱ्या रेषेवर, पामर्स पॉइंट. तिथे कड पोटाच्या भिंतीला वर धरून ठेवते आणि आतडं चिकटलेलं सहसा नसतं. जठर नळीने रिकामं केलेलं हवं, प्लीहा वाढलेली नको, एवढं पाहूनच.

काकू वर्षभराने तपासणीला आल्या. उभं राहून खोकायला सांगितलं, चिरेवर सगळीकडे बोट ठेवून पाहिलं. हर्निया नव्हता. नवव्या टोकापाशी भिंत थोडी पातळ लागली, पण धरून होती. चिरेच्या खाली आणि आतल्या बाजूला कातडी बधिर होती, आठव्या तंतूचा पट्टा. कापसाने स्पर्श करून त्याची हद्द पेनाने काढली. तीन महिन्यांनी काढली होती त्यापेक्षा लहान झाली होती, आता साधारण तीन बोटं रुंद.

‘एवढं राहीलच का?’

‘राहील कदाचित, काकू. तिथला एक तंतू तुटलाय.’

त्यांनी मान हलवली. मी त्यांना आडवं केलं, गुडघे दुमडायला सांगितलं, उजव्या कडेखाली बोटं ठेवली आणि म्हटलं, ‘मोठा श्वास घ्या.’ त्यांनी घेतला, पुरता, न अडखळता. यकृताची धार खाली आली, माझ्या बोटांच्या टोकांना लागली आणि पुन्हा कडेमागे वर गेली.